डाळिंबाचा तिसरा हिस्सा

जवाच्या पिठाला कीड लागली की आधी वास बदलतो, मग रंग.

निकोनच्या डाव्या पायाला सहा बोटं.

बकरी दोहताना बोलू नये. दूध आखडतं.

ओल्या दगडाला टेकून बसलं तर जिवंत माणसाच्या पाठीला ओल लागते. मेलेल्याच्या नाही.

देवाला आम्ही अहोजाहो करत नाही.

माणसाचं सगळं जातं, राग सगळ्यात शेवटी जातो.

*

धन्याने स्वतःच्या हाताने आणलेली मधाची वाटी तिने पायाने लोटली. वाटी घरंगळत माझ्यापर्यंत आली. तो थोडा वेळ उभा राहिला, मग मला म्हणाला, पुसून घे, आणि निघून गेला. इतका मोठा धनी, सगळे मेलेले ज्याचे, पण त्या पोरीसमोर त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

खाली देवांची नावं घेत नाहीत. म्हणून मीही घेत नाही. धनी, म्हणजे इथला राजा. धान्यआई, म्हणजे जिच्या मर्जीने वर पीक उगवतं ती. आणि तिची लेक, जिला धन्याने कुरणातून फुलं तोडताना उचलून रथात घातलं आणि जमीन फाडून खाली आणलं. वाटी लोटली ती हीच, भिंतीला पाठ लावून बसलेली. ती मेलेली नव्हती. तिच्या पाठीला ओल लागत होती, ती सारखी खांदे हलवायची.

तिने खावं म्हणून धन्याने तिच्याभोवती बायका बसवल्या होत्या. त्यात मी होते. मी मेलिता. एलेउसिसच्या बाजूला आमचं जवाचं शेत होतं. माझ्याशेजारी फानो, आमच्याच गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, आणि त्या वर्षी तिच्यामागोमाग खाली आली.

बायका तिला रोज गोड बोलायच्या. तुझी आई खुशाल आहे, वर शेतं हिरवीगार आहेत, चार घास खा म्हणजे अंगात बळ येईल. धन्यानेच तसं बोलायला सांगितलं होतं. मी गप्प बसायचे, म्हणून असेल, मध पुसताना तिने मलाच विचारलं.

"तू कशाने मेलीस?"

"उपाशी."

"शेत नव्हतं तुमचं?"

"होतं. तुझ्या आईने जमीन मिटून घेतली."

फानोने मला कोपर मारलं. मेलेल्याला कोपर लागत नाही, पण सवय राहते. मग मी सगळंच सांगितलं. तू गेल्यापासून तुझ्या आईने एक कोंब वर येऊ दिलेला नाही. पेरलेलं कुजलं. झाडं वाळली. आधी गुरं गेली, मग म्हातारी माणसं, मग लहान मुलं. माझी तिमो माझ्याआधी आली. निकोन, माझा मुलगा, अजून वर आहे. असेल.

"आई असं करणार नाही," ती म्हणाली.

मी वाटी उचलली. म्हटलं, बरं.

*

आता खालची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माणूस मेला की घरची माणसं सुगीला मूठभर पीठ, थोडं दूध जमिनीवर सोडतात आणि त्याचं नाव घेतात. दूध खाली पोचतं की नाही, मला माहीत नाही. नाव पोचतं. जिवंत तोंडातून निघालेलं नाव कानावर आलं की मेलेला थोडा वेळ जागा होतो. आपण कोण होतो, कुणाचे होतो, ते त्याला आठवतं. नाव आलं नाही की हळूहळू तो दगडासारखा होतो. दुःख नसतं त्याला. काहीच नसतं.

आणि त्या वर्षी वर सोडायला पीठच नव्हतं. मूठभर असेल तर माणसं ते खात होती. कुणाचंच नाव येईना. शिवाय रोज रांगच्या रांग खाली उतरत होती. आम्ही मेलेल्या माणसांनी एकमेकांची नावं घेऊन पाहिली. काही होत नाही. श्वास लागतो त्याला.

मी राहिले ती रागावर. तिमो सहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या पोरीला कुठला राग. मी खाली पोचले तोवर ती कोरी झाली होती. मी तिला हाक मारली, तिने वळून नम्रपणे विचारलं, बाई, तुम्हाला कोण हवंय?

*

देवीच्या लेकीला मी तिमो दाखवली. खोटं वाटतं ना, मग ही बघ. ही तुझ्या आईने पाठवली.

तिने पोरीचं मनगट हातात धरून पाहिलं, दोन बोटांत मावलं ते. नाव विचारलं. तिमोने मान हलवली, तिला ठाऊक नव्हतं. म्हणून मी सांगितलं.

"तिमो," ती म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ निघाली. खाली गार असतं.

माझी पोर माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "आई, बकरी बांधलीस का? ती पुन्हा त्यांच्या कांद्यात शिरेल."

बकरी आम्ही केव्हाच खाल्ली होती. मी म्हटलं, बांधली गं.

ते फार वेळ टिकलं नाही. पण त्या वेळात ती माझ्या मांडीवर बसली, पाय हलवले, मला शेजारच्यांच्या भांडणाचं सगळं सांगितलं. मग बोलता बोलता थांबली, मांडीवरून उतरली, आणि मला म्हणाली, माफ करा.

त्यानंतर भिंतीपाशी रांग लागली. आधी आमच्या गावची, मग कुठकुठची. तिने खावं म्हणून आम्हाला तिथे बसवलं होतं, त्या आम्ही रांग सांभाळायला लागलो. फानो सगळ्यांना नावं हळू आवाजात सांगायला लावायची, आणि देवीची लेक दिवसभर नावं घ्यायची. ओठ फुटले तिचे. खायची काहीच नाही, पण नावं घ्यायची. धनी दुरून बघायचा. त्याला वाटलं पोरीचं मन रमतंय. फानो म्हणाली, या बाप्याला अजून ठाऊक नाही, घर कुणाचं झालंय ते.

एकदा तिने मला विचारलं, आई हे सगळं माझ्यासाठी करतेय, म्हणजे माझं पाप का? मी म्हटलं, नाही. पण तुझ्यामुळे, हे खरं. तिला ते आवडलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पहिली हाक तिने तिमोलाच मारली.

मी मात्र एका बाजूला तिमोला धरून बसायचे आणि एक डोळा उतारावर ठेवायचे. नवी माणसं तिथून उतरायची. सहा बोटांचा पाय दिसतो का बघायचे. दिसला नाही की हायसं वाटायचं, आणि पुढचा घोळका उतरला की पुन्हा एकेकाची बोटं मोजायला लागायचे.

*

निरोप्या आला. पायाला पंख लावलेला, दुतोंड्या हसण्याचा, वरच्या देवांच्या निरोपांची ने-आण करणारा. त्याने धन्याला सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. वर आता माणसंच उरेनाशी झाली आहेत. माणसं संपली तर देवांना यज्ञ कोण करणार? पोरीला परत पाठव, असा वरच्या थोरल्याचा हुकूम आहे.

आमच्यासाठी कुणी थांबवलं नाही ते. यज्ञाच्या धुरासाठी थांबवलं.

धन्याने मान खाली घातली आणि घोडे जोडायला सांगितले. रांगेतली माणसं तिथेच उभी राहिली. कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. फानो म्हणाली, "झालं. आता पुन्हा दगड."

माझ्या डोळ्यांसमोर आधी निकोन आला. ती वर गेली की जमीन उघडेल, पीक येईल, तो जगेल. जा बाई, पळत जा. आणि त्याच श्वासाला, नसलेल्या श्वासाला, मनातल्या मनात मांडीवरची तिमो उतरून पुन्हा माफ करा म्हणाली.

एक पोर वर, एक खाली. ती गेली तर एक जातं, राहिली तर दुसरं.

धन्याच्या तबेल्यामागे एक डाळिंबाचं झाड आहे. खाली उगवणारं तेवढंच. मध, दूध, भाकरी, हे सगळं वरून आलेलं, त्याने काही होत नाही. पण खालच्या मातीत उगवलेलं जिवंत तोंडात गेलं, तर जेवढं गेलं तेवढं ते तोंड खालचं झालं. लहान पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. धन्यालाही ठाऊक होती. त्याने ते फळ तिला कधी दिलं नाही. तिने मागावं अशी त्याची इच्छा असावी. पुरुषांचं असतं तसं.

मी एक तोडून आणलं.

*

आमच्या गावात निघालेल्या पोरीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. तेवढा बहाणा पुरला. निरोप्या धन्याशी बोलत होता, घोडे पाय आपटत होते. मी तिची चप्पल बांधायला खाली बसले आणि फळ तिच्या ओंजळीत ठेवलं. फोडलेलं.

ती हसली. इतके दिवस मधाला तोंड लावलं नाही, म्हणाली, आणि आता दारात उभी असताना हे?

"आताच. नंतर तू इथे नसशील."

"मला माहीत आहे हे काय आहे, मेलिता."

"मग सांगायचे कष्ट वाचले."

तिने फळ माझ्याकडे परत केलं. मी घेतलं नाही. तिचा आवाज चढला, पण निरोप्याकडे बघून तिने तो आवरला. "त्याने मला उचलून आणलं. तू मला अडकवून ठेवतेस. फरक काय तुमच्यात?"

"मी विचारतेय."

"माझी आई वाट बघते आहे."

"तिमोही बघेल. कुणाची ते तिला कळणार नाही, एवढंच."

मी हे बोलायला नको होतं असं मला कधी वाटलेलं नाही. तिमो तिथेच होती, भिंतीतली खाच बोटाने चाचपत, जशी कुणाचीही पोर असावी. देवीच्या लेकीने तिला हाक मारली. तिमो वळली, मला बघून तिचं तोंड फुललं, आणि ती धावत आली. येताना सांगत आली की तिचा दात हलतोय. मरताना हलत होता तो. अजून हलतो.

देवीची लेक तिमोकडे बघत राहिली. मग तिने एक दाणा काढून तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिला कसला झटका आला कोण जाणे. राग असेल, आईचा, धन्याचा, माझा. तिने फळ दोन्ही हातांनी धरलं आणि त्यात दात घातले. हनुवटीवरून रस ओघळला.

"सगळंच खाते," ती म्हणाली. "जातच नाही. म्हणजे मिटेल तुमचं सगळ्यांचं."

मी तिच्या हातातून फळ हिसकावलं.

मेलेल्या बाईच्या हातात जोर नसतो. त्या वेळी कुठून आला, माहीत नाही. उरलेलं फळ मी पोटाशी धरलं आणि म्हटलं, बस. तिने तोंड पुसलं नाही, तशीच बघत राहिली.

"वर माझा निकोन आहे," मी म्हटलं. "त्याला भाकरी लागते."

तेव्हा तिला कळलं. ती रथात चढली, निरोप्याने लगाम धरले, आणि घोडे उतार चढून गेले. माझ्या हातात फळ राहिलं. तिसरा हिस्सा गेला होता. मी मापाने थांबवलं नव्हतं. निकोन डोळ्यांसमोर आला तेव्हा हात गेला, आणि तेवढंच खाऊन झालं होतं. वर थंडी जेवढी टिकते तेवढी का टिकते, याचं पंडितांनी काय काय सांगितलंय ते मी ऐकून आहे. मी सांगते ते एवढंच.

*

धान्यआईने लेकीला छातीशी धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, तिथे काही खाल्लंस का. लेकीने खरं सांगितलं. कुणी दिलं, हे सांगितलं नाही. म्हणून मग धान्यआई स्वतः आली. खाली तिला येता येत नाही. जिथे जमीन फाटली होती त्या तोंडाशी उभी राहून तिने हाक दिली. फळ कुणी दिलं त्याने समोर यावं.

धन्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आपोआप आपल्या नावावर पडतंय तर पडू दे, असा त्याचा चेहरा होता. रांगेतल्या माणसांना आपलं नावच आठवत नव्हतं, ती काय बोलणार. मी उतार चढून गेले. फानो माझ्यामागे, न बोलावता.

उजेडात ती उभी होती. उंच, आणि केस तोडलेले. तिच्या हातात पहिलं हिरवं पातं होतं, नुकतं फुटलेलं. मी त्याच्याकडेच बघत होते.

"तू दिलंस?"

"मीच."

"का, ते विचारत नाही. तुला कल्पना आहे का मी तुझं काय करू शकते?"

"काय करशील?" मी म्हटलं. "मारशील?"

मागे फानो खुदकन हसली. सुईण ती, नको तिथे हसायची तिला खोड.

धान्यआई हसली नाही. आपण आई आहोत, आईचं काळीज काय असतं ते मेलेल्या शेतकरणीला कळायचं नाही, असं बरंच ती बोलली. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, तुझी लेक वर्षातला तिसरा हिस्सा खाली येईल आणि परत जाईल. माझी परत जाणार नाही. माझं पुरतं गेलं, तुझा तिसरा हिस्सा गेला, आणि तू मला काळीज सांगतेस?

"मी जमीन उघडली आहे," ती म्हणाली. "तुमची पोरं जगतील. माझ्यामुळे."

"जमीन उघडलीस. पेरायला बी कुठलं? आमच्या आढ्याला टांगलेलं. आम्ही मेलो, पण बियाण्याला हात लावला नाही. उगवेल ते त्याच्यातून उगवेल."

एवढा वेळ तिने मला पाहिलंच नव्हतं असं मला वाटतं. आता पाहिलं. मग तिने शिक्षा सांगितली, शांतपणे, बाजारात भाव सांगावा तशी. वर तुझं नाव कुणी घेणार नाही. पेरणीला नाही, सुगीला नाही. ही गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतील, आणि त्यात म्हणतील की धन्याने पोरीला फसवून दाणे चारले. तू त्यात नसशील.

"म्हणोत," मी म्हटलं. "मला नाव कशाला? रागावर भागतं माझं."

*

ती दरवर्षी येते. वर पेरण्या उरकतात, वारं बोचायला लागतं, आणि घोड्यांचा आवाज येतो. धनी दारात उभा असतो. ती त्याला हात करते आणि आधी भिंतीकडे येते. शाल काढायच्या आत म्हणते, तिमो.

मग नावं सुरू होतात. मग माझंही घेते एकदा, इतक्या हळू की वर जाऊ नये. तिच्या आईने वर घ्यायला मनाई केली होती. इथे नाही.

उरलेला सगळा काळ तिमो मला ओळखत नाही. मी तिच्याशेजारी बसते. ती सरकून जागा देते, दाताला हात लावते, आणि तुम्ही कुठल्या, असं विचारते. अनोळखी बाईशी नीट बोलावं, हे तिला मीच शिकवलं होतं. मी म्हणते, एलेउसिसची. ती म्हणते, छान.

धनी कधीतरी मला बघून वाट सोडतो. डाळिंबाचं श्रेय त्याला मिळालं, बदनामीही मिळाली. त्याने तक्रार केलेली नाही.

निकोन आला तो पुरता म्हातारा होऊन, भरल्या अंगाचा, जवाच्या भुश्याचा वास मारत. पायावरून ओळखलं. मी माझ्या मरणाच्या वयाचीच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, पोरी, इथे पाणी कुठे मिळेल गं? मी त्याला हाताला धरून तिमोच्या शेजारी नेऊन बसवलं. पुढच्या थंडीत दोघांची नावं एकापाठोपाठ घेतली गेली. काय बोलले ते सांगत नाही. माझं आहे ते.

*

ते वर्ष सुरू झालं तेव्हा काळ्या पांघरुणातली एक उंच म्हातारी आमच्या गावात येऊन विहिरीच्या काठावर बसली होती. लेक हरवली म्हणून रडत होती; ती कोण, ते मला मेल्यावर, जमिनीच्या त्या तोंडाशी कळलं. तिमोने तिला पाणी काढून दिलं, आणि ते पिऊन तिने पोरीला नाव विचारलं, तेव्हा पोरीने सांगितलं, तिमो.